कानाचं माहेर

लग्नानंतरचा माझा पहिला गणपती. माहेर सातारचं, सासर राजापूरजवळच्या एका वाडीतलं. आरत्या मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ, त्यामुळे नव्या घरात बाकी कशाचीही धास्ती असली तरी आरतीची नव्हती. मृदंगावर थाप पडली, टाळ सुरू झाले, आणि धृपदाला मी एकटीच पुढे निघून गेले. शब्द तेच, देव तोच, चालही म्हटली तर तीच. पण ओळीच्या शेवटी सगळ्या घरानं स्वर ओढून धरला होता आणि माझी टाळी रिकाम्या जागेत पडली. शेजारी उभ्या असलेल्या चुलतसासूबाई हसल्या, माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "अगो, इथे आम्ही श्वास घेतो."

आमच्या साताऱ्याच्या घरी त्या जागी कोणी श्वास घेत नसे. बाबा पेटीवर, भोवती आम्ही पाच-सहा जण. एक ओळ संपते न संपते तोच दुसरी तिला चिकटून यायची. 'इथे थांबू नका' असं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. तरी ते माझ्या हातांना ठाऊक होतं. आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्या दिवशी बोलून दाखवायची सोय नव्हती. सासरची चाल मला खटकली होती. आमचीच खरी, आमचीच गोड, असं अगदी आतून वाटलं होतं. वीस-पंचवीस माणसं मन लावून गात होती आणि मला वाटत होतं की ती चुकतायत. हा निवाडा माझ्या आत कोणी आणि कधी बसवला, याचा शोध मी बऱ्याच वर्षांनी घ्यायला लागले. जे हाती येत गेलं त्यानं आजही माझं मन भरून येतं.

सुरुवात जन्माच्याही आधी होते. गर्भाचा कान साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास ऐकू लागतो. पोटातलं जग काही शांत नसतं. आईच्या हृदयाचे ठोके, रक्ताची सळसळ, आतड्यांची गुरगुर अखंड चालू असते. बाहेरचा आवाज तिथे पोचतो तो मांस आणि पाणी यांतून गाळून. या गाळणीत वरच्या पट्टीतले धारदार ध्वनी अडकतात. 'स', 'श', 'ट', 'क' यांच्या कडा पुसल्या जातात, म्हणून शब्द कळण्याजोगे उरत नाहीत. आवाजाचा चढउतार, लय, ठेका मात्र आत येतो. आईचा स्वतःचा आवाज तर हवेतून आणि तिच्या शरीरातून, अशा दोन्ही वाटांनी येतो. बंद दाराआड कोणी बोलत असलं की शब्द लागत नाहीत, पण कोण बोलतंय आणि रागानं की लाडानं, ते कळतं ना, काहीसं तसं. भाषाही आपल्याला आधी मिळते ती चाल म्हणून. शब्द मागून येतात आणि त्या चालीवर बसतात.

हे किती खोल जातं बघा. जर्मनीत व्युर्झबुर्गला काम करणाऱ्या कॅथलीन व्हेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. तीस बाळं फ्रेंच घरांतली, तीस जर्मन. सगळी जेमतेम काही दिवसांची. फ्रेंच बाळांचं रडणं खालून वर चढत जात होतं आणि जर्मन बाळांचं वरून खाली उतरत होतं. त्या त्या भाषेतलं बोलणं जसं चढतं-उतरतं, तसंच. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. मी वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं काही वाचूच शकले नाही. जगात येऊन चार दिवस झालेलं मूल रडतं, तेही आईच्या भाषेच्या चालीवर!

गाण्याचंही तेच. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी १९८८ साली एक साधी, सुंदर गोष्ट दाखवली. त्या काळी ब्रिटनमध्ये 'नेबर्स' नावाची ऑस्ट्रेलियन मालिका घरोघरी बघितली जाई. ज्या बायकांनी गरोदरपणात ती नेमानं बघितली होती, त्यांच्या नवजात बाळांना मालिकेचं शीर्षकसंगीत ऐकवलं की ती चुळबुळ थांबवून कान देत. इतर बाळांना त्याचं काही नव्हतं. पुढे २०१३ साली हेलसिंकीच्या संशोधकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत काही आयांना 'ट्विंकल ट्विंकल'ची सुरावट नियमितपणे वाजवायला दिली. जन्मानंतर बाळांच्या डोक्यावर संवेदक लावून मेंदूचे विद्युत्तरंग मोजले. ज्यांनी पोटात ती सुरावट ऐकली होती त्यांच्या मेंदूतून ठळक प्रतिसाद येत होता, आणि चार महिन्यांनी मोजलं तेव्हाही त्याची खूण शिल्लक होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण याच धाग्यावर मोठा बाजार उभा राहिला आहे. पोटातल्या बाळाला अमुक राग किंवा मोझार्ट ऐकवला की ते हुशार निघतं, याला आधार नाही. ज्या प्रयोगावरून 'मोझार्ट'ची हवा झाली तो १९९३ सालचा. तो बाळांवर नव्हताच. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवर होता, आणि परिणाम टिकला तो दहा-पंधरा मिनिटं. तरीही १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी देण्यासाठी अंदाजपत्रकात पैसे मागितले. पोटावर हेडफोन लावून बसलेल्या मुली बघितल्या की मला सांगावंसं वाटतं, बाळाला तुझा आवाज आधीच पोचतोय गं. भाजी निवडताना गुणगुणतेस ना, तेवढं पुरेसं आहे.

आता मला सगळ्यात जास्त भारावून टाकणारा प्रयोग. त्यासाठी आधी हातावर रूपक ताल मोजू या. ती ती ना, धी ना, धी ना. तीन, दोन, दोन. सात मात्रा. आपल्याकडे हे काही नवल नाही. भावगीतं, अभंग, गझला रूपकात सर्रास असतात आणि ज्यानं तबल्याला हातही लावलेला नाही असा माणूससुद्धा मांडीवर बरोबर टाळी धरतो. बाल्कन प्रदेशातल्या गावजत्रांमध्येही अशीच सातांची गाणी चालतात. मॅसिडोनियातलं 'लेस्नोतो' हे नृत्य तर हुबेहूब तीन-दोन-दोन. पण ज्याच्या कानावर जन्मभर दोन-दोन, चार-चारचे समान ठोकेच पडले, त्याला ही सातांची चाल लंगडते असं वाटतं.

एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी नेमकं हेच तपासलं. बल्गेरिया-मॅसिडोनियाच्या धर्तीवरची गाणी घेतली आणि त्यांचे दोन नमुने केले. एकात थोडा फरक, पण ठेका शाबूत. दुसऱ्यात ठेकाच मोडलेला. उत्तर अमेरिकेत वाढलेल्या मोठ्या माणसांना समान ठेक्याच्या गाण्यात मोडतोड लगेच कळली, सातांच्या गाण्यात कळेना. बल्गेरिया आणि मॅसिडोनियातून येऊन स्थायिक झालेल्यांना दोन्हीकडे कळली. इथवर ठीक आहे, अपेक्षितच. मग त्यांनी सहा महिन्यांची उत्तर अमेरिकी बाळं आणली. बाळाला विचारणार कसं? त्याला पडद्यावर चित्र दाखवायचं, सोबत गाणं लावायचं आणि ते किती वेळ टक लावून बघतं ते मोजायचं. नवं किंवा विचित्र काही जाणवलं की नजर जास्त वेळ खिळते. सहा महिन्यांच्या त्या बाळांना सातांच्या ठेक्यातली चूकही कळत होती. जी आईबापांना कळत नव्हती ती.

मग एक वर्षाची बाळं आणली. त्यांना कळेना. ती आईबापांसारखी झाली होती.

मधल्या सहा महिन्यांत काय हरवलं, याचा विचार करताना मला आधी वाईट वाटलं. मग उलट बाजू दिसली. त्याच सहा महिन्यांत त्या बाळाला घर मिळालं होतं. आपल्या माणसांच्या ठेक्यात काय बसतं आणि काय बसत नाही, हे कळायला लागलं होतं. सगळं सारखंच शक्य आहे असं मानणाऱ्या कानाला कुठलंच गाणं आपलं म्हणता येणार नाही. संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकलं. एक वर्षाच्या बाळांच्या घरी दोन आठवडे रोज थोडा थोडा वेळ ते परकं संगीत लावलं. तेवढ्यानं बाळांचा कान पुन्हा उघडला. मोठ्या माणसांना तसंच ऐकवलं, त्यांचा इतक्या सहजी उघडला नाही.

स्वरांचंही वेगळं नाही. १९९० साली मायकेल लिंच आणि सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या अमेरिकी बाळांना पाश्चात्त्य सप्तकावर आणि जावा बेटातल्या 'पेलोग' स्वरमालेवर बांधलेली सुरावट ऐकवली. एखादा स्वर बेसूर झाला तर बाळांना दोन्हीकडे सारखाच कळे. मोठ्यांना मात्र आपल्या सप्तकातला जास्त कळे. म्हणजे बेसूर म्हणजे काय, याचं उत्तरही बरंचसं आपण कुठे वाढलो यावर अवलंबून. बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांवर २०१६ साली झालेला एक अभ्यास याहून पुढे गेला. जे स्वरमेळ युरोपी कानाला गोड आणि जे कर्कश वाटतात, ते दोन्ही त्सिमानेंना सारखेच बरे वाटले.

पण मला छळणारा प्रश्न वेगळा होता. ओळख समजली. आवड कुठून येते? आमची आरती मला नुसती ओळखीची वाटत नव्हती, गोड वाटत होती.

याचं उत्तर मला बैठकीत सापडलं. गवई ख्यालाची बढत करतोय, तबलजी एकतालाचं आवर्तन धरून आहे. गायक दूर कुठे तरी निघून गेलाय. मग मुखड्याकडे वळतो, आणि समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, जरा आधी सगळ्या सभागृहात काही तरी घट्ट होतं. बोटं थबकतात, माना किंचित वर उचलल्या जातात. सम येते आणि शंभर माना एकदम खाली. 'वाह' तोंडातून तेव्हा बाहेर पडतं, पण सुख त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं, त्या वाट बघण्यात. आता शेजारी असा कोणी बसवा ज्यानं हे संगीत कधीच ऐकलेलं नाही. त्याला गाणं ऐकू येतं, पण सम ऐकू येत नाही. ती कुठे येणार हे ठाऊक नसेल, तर आली तरी काय आणि हुकली तरी काय!

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी हीच गोष्ट मेंदूत बघितली. ज्यांच्या अंगावर गाणं ऐकून काटा येतो अशी माणसं निवडली, त्यांची त्यांची लाडकी गाणी त्यांना ऐकवली. २०११ साली निष्कर्ष आला तो असा: आवडत्या जागेवर पोचताना मेंदूत डोपामिन स्रवतं, भूक भागल्यावर मिळणाऱ्या सुखाशी ज्याचा संबंध आहे तेच रसायन. आणि त्या जागेच्या काही क्षण आधीही स्रवतं, मेंदूच्या दुसऱ्या भागात. येणार, येणार, आता येणार, याचंही वेगळं सुख असतं. ज्यानं गाणं नुसतं ऐकलेलं नाही, तर अंगात मुरवलेलं आहे, त्यालाच ते मिळतं. म्हणून लहानपणी कानावर पडलेल्या संगीताला एवढी मोठी आघाडी मिळते. पुढे काय येणार हे आपण त्यात शिकतो, शिकतोय हे न कळता. पुढच्या आयुष्यातल्या गाण्यांना आपण याच अपेक्षेच्या मापानं मोजतो. सासरच्या आरतीत माझं डोपामिन ज्या जागेवर उभं राहून वाट बघत होतं, त्या जागी कोणी आलंच नाही!

तरी कानावर पडलेलं सगळंच काही रुजत नाही. कोण गातंय यावर फार अवलंबून असतं. हार्वर्डमध्ये सॅम्युएल मेर, ली ॲन साँग आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी पाच महिन्यांच्या बाळांना एक नवं गाणं शिकवलं. काहींच्या आईनं किंवा वडिलांनी ते घरी एक-दोन आठवडे गाऊन दाखवलं, काहींना तेच गाणं खेळण्यातून ऐकवलं, काहींना पडद्यावरच्या अनोळखी माणसाकडून. नंतर बाळासमोर दोन परकी माणसं आणली. एकानं ओळखीचं गाणं म्हटलं, दुसऱ्यानं अनोळखी, आणि मग दोघं गप्प बसून हसत राहिली. ज्या बाळांनी गाणं आईवडिलांच्या तोंडून ऐकलं होतं, ती ओळखीचं गाणं म्हणणाऱ्या परक्याकडे जास्त वेळ बघत राहिली. आपल्या घरचं गाणं येतं म्हणजे हा आपल्यातला कोणी तरी दिसतो! खेळण्यातून किंवा पडद्यावरून ऐकलेल्या बाळांना दोघंही सारखेच परके.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. ती पहाटे जात्यावर बसायची ती म्हणे बाबांना मांडीवर घेऊन. जातं फिरवताना अंग पुढे-मागे झुलतं, मांडीवरचं मूलही झुलतं, आणि ओवी त्या झोक्यात बसूनच येते. मुलाच्या कानाला चाल, अंगाला लय, नाकाला ताज्या पिठाचा वास, सगळं एकदम. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या, याबद्दल आपण त्यांचे जन्मभर ऋणी राहायला हवं. कारण विजेच्या चक्क्या आल्या आणि ती मांडी गेली. ओव्या कागदावर उरल्या, ध्वनिफितींवर उरल्या. पिढ्यान्‌पिढ्यांचे कान ज्या झोक्यावर घडले तो झोका मात्र थांबला.

आईवडिलांचं गाणं मुलांत किती उतरतं, याचा मोठा सुंदर पुरावा कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रमहान्सल यांना मिळाला. त्यांनी आणि जस्टिन झुपनिक यांनी विशीतल्या ६२ तरुणांना १९५५ ते २००९ या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली आणि कोणती ओळखीची, कोणती आवडती, कोणत्या आठवणी येतात ते विचारलं. या मुलांना स्वतःच्या वयातली गाणी जवळची वाटणार, हे उघडच होतं. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची गाणीही त्यांना तितक्याच जिव्हाळ्याची निघाली, आणि तेव्हा तर ही मुलं जन्मालाही आली नव्हती. त्या वर्षांत त्यांचे आईवडील विशीत होते. म्हणजे आई-बाबा तरुण असताना जी गाणी ऐकत, तीच मुलं झाल्यावर घरात वाजवत राहिले, आणि त्यांचं तारुण्य मुलांच्या बालपणात मिसळलं.

माझे बाबा १९५५ साली विशीत होते. त्या वर्षी एक एप्रिलपासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक, असं करत ५६ गीतांचं गीतरामायण सुरू झालं. शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. मी तेव्हा कुठेच नव्हते. पण मला कळायला लागल्यापासून बाबा रोज दाढी करताना त्यातलं काही ना काही म्हणत असायचे. एखादी जागा घ्यायची असली की ब्रश हवेत थांबायचा. मी दाराला टेकून बघत राहायची. जागा मनासारखी उतरली नाही तर पुन्हा. तोवर गालावरचा फेस वाळून पांढरी भुकटी व्हायची आणि आई आतून ओरडायची. आजही त्यातलं कुठलंही गीत लागलं की माझ्या नाकाला साबणाचा वास येतो. माझ्यापेक्षा किती तरी जुनी गाणी, आणि तरी मला विचाराल तर ती माझ्याच बालपणातली आहेत.

मग चौदा-पंधराव्या वर्षी आपण हे सगळं टाकून स्वतःचं गाणं शोधतो. त्या वयापासून विशीपर्यंतच्या गाण्यांची पकड जन्मभर सुटत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसतं. १९८९ सालच्या एका जुन्या अभ्यासात माणसाची पसंती साधारण साडेतेवीस वर्षांच्या वयात गाजत असलेल्या गाण्यांवर सगळ्यात जास्त जाते असं निघालं होतं. पण बंड करून आपण जे निवडतो, त्याचाही ठेका आणि सप्तक आधीच ठरलेलं असतं. घराला विरोध म्हणून रॉक ऐकणारा पोरगा जावाच्या पेलोगकडे सहसा जात नाही.

कान घर घडवतं, पण माणूस काय करेल ते घर ठरवू शकत नाही. भीमसेन जोशी १९२२ साली गदग भागात जन्मले, सोळा भावंडांत थोरले. आई भजनं म्हणायची. भजनी मंडळींच्या मागे मागे चालत जाऊन हा मुलगा कुठे तरी झोपून जाई, आणि लोकांनी घरी आणून सोडावं म्हणून वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असं लिहून ठेवलं होतं. मग दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका कानावर पडली, आणि अकराव्या वर्षी गुरू शोधायला तो घर सोडून पळाला. तीच आई, तीच भजनं, तेच गाव बाकीच्या भावंडांनाही मिळालं होतं. पळाला तो एकच. हे कोडं मला सुटत नाही, आणि सुटलं नाही म्हणून वाईटही वाटत नाही. पण शेवटी संतवाणी गाताना त्या आवाजात जे भरून यायचं, त्यात गदगच्या रस्त्यावरची ती मंडळी मला ऐकू येतात.

एका कानाला दोन माहेरं असू शकतात का? गोव्याकडे बघा. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलं लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. शेजारीच मांडोची कोकणी गाणी, आणि पलीकडे देवळातलं भजन. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७चा, घरातच चर्चच्या गायनाचं वातावरण. मुंबईला येऊन सिनेमाच्या वाद्यवृंदात ते आणि त्यांच्यासारखे कितीतरी गोवेकर वादक बसले, आणि रागदारीच्या सुरावटीला व्हायोलिनांचे थर कसे द्यायचे हे त्यांच्या हातून घडत गेलं. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी पुढे 'अमर अकबर अँथनी'मध्ये गुरूंचं नाव गाण्यातच गुंफलं. पॅट्रिक वाँग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली भारतीय आणि पाश्चात्त्य अशी दोन्ही संगीतं ऐकत वाढलेल्या माणसांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना दोन्ही संगीतांतली स्मरणशक्ती आणि भावनांची जाण सारखीच आढळली. दोन भाषांत वाढलेल्या मुलासारखी.

आणि मोठेपणी परक्या गाण्याकडे जायचं असेल तर? वॉल्टर कॉफमन १९३४ साली मुंबईत आले. कार्ल्सबाडचे ज्यू, नाझींच्या सावलीतून निघालेले. भारतीय संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना काहीही कळलं नाही. पण लाखो माणसं ज्यावर जीव टाकतात ते पोकळ कसं असेल, दोष आपल्या कानाचा असणार, असं त्यांनी मानलं आणि ते इथे राहिले, ऐकत राहिले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्यांनी पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला आणि पुढे उत्तर भारतीय रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. सकाळी केंद्र सुरू होताना वाजणारी ती धून, तंबोऱ्यावर तरंगणारं ते व्हायोलिन, त्यांचंच. ज्याला आपलं संगीत परकं होतं, त्यानं रचलेले काही सेकंद आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या बालपणाचं दार झाले. अंधारात चूल पेटायची, पाणी तापायचं, आणि ती धून.

माझा कानही सासरी हळूहळू रुळला. किती वर्षं लागली ते मोजलं नाही. एवढं आठवतं, की एका वर्षी सुतक होतं म्हणून गणपतीत साताऱ्याला गेले होते. आरती सुरू झाली आणि धृपदाच्या शेवटी मी थांबले. बाबांची पेटी थांबली नव्हती. सगळे पुढे निघून गेले होते. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या ओळीला भाता जरा सावकाश केला.

यंदा गणपतीला लेक तिच्या सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन राजापूरला आली होती. जावई धारवाडचे, विहीणबाईही आल्या होत्या. दुपारी नात झोपेना. मी मांडीवर घेऊन थोपटत आमची अंगाई म्हणत होते. विहीणबाई जवळ येऊन बसल्या आणि अगदी खालच्या आवाजात कानडी जोगुळ म्हणू लागल्या. त्यांची लय माझ्यापेक्षा सावकाश होती आणि ओळीच्या शेवटी त्या जिथे थांबत होत्या तिथे मी कधीच थांबले नसते. मी गप्प झाले. नातीनं मान वळवून आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. डोळे टक्क उघडे. झोपायचं तिच्या मनातही नव्हतं.